नवी गाडी तासाभरात, मग पंपाला महिना का?

प्रश्न : मी मोखाडा तालुक्यात खोडाळा भागात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. शाळा पाड्यावर आहे, तिथवर एसटी जात नाही. माझी गाडी सव्वाशे सीसीची, बीएस-सिक्स, अजून वॉरंटीत आहे. पावसात एके दिवशी चढावर बंद पडली ती पुन्हा सुरूच झाली नाही. टेम्पोत घालून शोरूमला नेली. ‘टाकीतला पंप गेलाय, पार्ट मागवलाय’ असं सांगितलं, त्याला आता महिना होत आला. फोन केला की ‘येईल गुरुजी, वरूनच आला नाही अजून’ एवढंच उत्तर. मी गाडी टाकली त्याच दिवशी त्याच दुकानातून एक जण नव्या गाडीची पूजा करून, नारळ फोडून ती घेऊन गेला. अख्खी गाडी तासाभरात मिळते, मग तिच्यातला मुठीएवढा पंप महिनाभर का मिळत नाही? आडबाजूला राहतो म्हणून हे सोसायचंच का?
— एक वाचक, खोडाळा परिसर

उत्तर : गुरुजी, सोसायचं नाही. आणि ‘तुमचं गाव लांब’ हे कारण तर मुळीच मान्य करू नका. जव्हारहून नाशिक साधारण ८० किलोमीटर, मोखाड्याहून त्याहून कमी. जव्हारहून पालघर सत्तरेक किलोमीटर. तोरंगणच्या घाटाची पावसाळ्यात काय अवस्था होते ते आपण सगळेच जाणतो, तरी त्या घाटातून एसटीची ये-जा चालूच असते. आपल्या भागात औषधं, मोबाइलचे सुटे भाग, पंपसेटची सामग्री एसटीच्या पार्सलनं आणि जीपवाल्यांच्या हातून पूर्वापार येत आली आहे. रस्ता फार तर एक दिवस खातो. उरलेले दिवस कुठे जातात ते पाहू.

आधी गाडी दिलीत कुणाकडे, ते बघा. तालुक्याच्या गावातलं ‘शोरूम’ बहुतेक वेळा मुख्य डीलरचं नसतं. तो सब-डीलर असतो. काही कंपन्या त्याला अधिकृत प्रतिनिधी म्हणतात, काही ठिकाणी नुसतं सर्व्हिस सेंटर असतं. मुख्य डीलर बसलेला असतो पालघर-बोईसर, वसई-विरार नाहीतर नाशिककडे. सब-डीलरला सहसा कंपनीकडून थेट पार्ट मागवता येत नाही. तो मुख्य डीलरला कळवतो, तेही पुष्कळदा फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर : ‘अमुक गाडीचा पंप पाठवा.’ तिकडचा पार्ट-काउंटरवाला ते टिपून ठेवतो. अशी चार-दहा कामं साठली की कंपनीच्या संगणकावर ऑर्डर चढते. माल डेपोतून डीलरकडे येतो, खोकं फुटतं, आणि मग तालुक्याकडे येणारं कुणी मिळेपर्यंत तो तिथेच पडून राहतो. प्रत्येक टप्प्यावर तीन-चार दिवस गेले तरी पंधरवडा झाला. आणि आलेला पंप त्याच मॉडेलचा पण वेगळ्या सालचा निघाला, तर पुन्हा पहिल्यापासून.

आता तुमचा खरा प्रश्न : अख्खी गाडी लगेच कशी मिळते? नव्या गाड्यांचा साठा डीलर बहुधा बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या पैशावर उचलतो. गाडी विकली की तो पैसा सुटतो, शिवाय कर्जप्रकरण, विमा, गार्ड-सीटकव्हर यांतूनही मिळकत होते. गाडी लवकर जाते म्हणून ती दुकानात उभी असते. सुट्या भागांचा हिशेब उलटा. एका मोटारसायकलीत नटबोल्ट धरून हजारावर भाग असतात, आणि एकाच कंपनीची कितीतरी मॉडेलं रस्त्यावर असतात. ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल, एअर फिल्टर, प्लग, चेन-स्प्रॉकेट, बल्ब हे रोज खपतं, म्हणून ते मांडणीवर हाताशी असतं. आपल्याकडे घाट आणि चढउतारांमुळे क्लच प्लेट आणि ब्रेक शू सपाटीपेक्षा लवकर झिजतात, त्यामुळे ते साध्या स्पेअरच्या दुकानातही मिळतात. पंप मात्र क्वचित जातो. काही हजारांचा तो भाग वर्षभर फळीवर ठेवायचा आणि मधेच मॉडेल बदललं तर पैसे अडकले, असा विचार करून डीलर तो ठेवतच नाही.

धंद्याच्या बाजूनं हे समजण्यासारखं आहे. पण त्या हिशेबात एक रकानाच नाही : गाडी बंद असताना तुम्ही रोज जे मोजता त्याचा. जीपचं भाडं, पुढची पायपीट, उशिरा उघडलेली शाळा. आपल्या जव्हार-मोखाडा या दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही, पाड्यांवर एसटी नाही. रात्री बाळंतीण अडली तर मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत किंवा जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयापर्यंत न्यायला कित्येकदा शेजारची मोटारसायकलच असते. अशा ठिकाणी एक गाडी महिनाभर उभी राहणं म्हणजे काय, हे शहरात दुसरी गाडी दारात असणाऱ्याला सांगून कळायचं नाही. आणि पंप आज आला काय नि महिन्यानं आला काय, डीलरच्या, डेपोच्या किंवा कंपनीच्या खिशातून काही जात नाही. थांबणाऱ्यालाच भुर्दंड, आणि ज्याच्या हातात वेग आहे त्याला कसलीच झळ नाही. दिरंगाईचं मूळ मला इथे दिसतं. म्हणून आपल्याला जे करायचं ते इतकंच की ही थांबण्याची झळ त्यांच्याही कागदावर, तारखेनिशी, उमटवायची. ते कसं, याकडे वळण्याआधी दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट गाड्यांच्या बदलाची. जुने लोक सांगतात की बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, पण एकदा स्कूटर आली की तिचे पार्ट कुठल्याही तालुक्याला मिळत. १९७२ साली आलेल्या चेतकचा मूळ साचा पुढे कितीतरी वर्षं तसाच राहिला, त्यामुळे एकाचा पार्ट दुसऱ्याला बसे आणि दुकानदार निर्धास्तपणे साठा करी. १९९४ ची हिरो होंडा स्प्लेंडर, तिचंही बरंचसं तसंच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि बहुतेक गाड्यांतला कार्ब्युरेटर गेला. त्याच्या जागी इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी, ऑक्सिजन सेन्सर, संगणकाचा डबा म्हणजे ईसीयू, आणि टाकीत बसलेला विजेचा पंप आला. त्याआधी वर्षभर, एप्रिल २०१९ पासून, १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. एप्रिल २०२३ मध्ये बिघाड स्वतःच ओळखणाऱ्या यंत्रणेचे नवे नियम आले. धूर कमी झाला, ब्रेक सुधारले, हे चांगलंच झालं. पण प्रत्येक बदलाबरोबर त्याच नावाच्या गाडीचे भाग बदलत गेले. दिसायला सारखी, नाव सारखं, स्टिकर सारखे, आणि पंपाचा नंबर मात्र वेगळा. पूर्वी विहिरीच्या काठावर बसून कार्ब्युरेटर खोलून, जेट फुंकून गाडी चालू करणारा आपला मिस्त्री इथे अडतो, कारण त्याच्याकडे स्कॅनर नाही. आणि स्कॅनर चालवायला शिकलेला पोरगा तालुक्याच्या दुकानात टिकत नाही. वसई किंवा नाशिकला जास्त पगार मिळाला की तो जातो.

दुसरी गोष्ट खुद्द पंपाची. तो खरंच गेला आहे का, हे आधी नक्की करून घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल आपोआप खाली उतरतं. इंजेक्शनच्या गाडीत पंप ते दाब देऊन पाठवतो, बहुतेक गाड्यांत हा दाब ३ बारच्या आसपास असतो. चावी फिरवली की टाकीतून दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येतो, तो पंपाचा. आवाज येत नसेल तर पंप गेला असं पटकन ठरवलं जातं. पण फ्यूज उडालेला असू शकतो, रिले गेलेला असू शकतो, कनेक्टरमध्ये पाणी शिरून हिरवा गंज धरलेला असू शकतो, अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असू शकतो. पावसाळ्यात पडवीत उभ्या केलेल्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात, हे तर घरोघरचं दुखणं. हे तपासायला नवा पार्ट लागत नाही, टेस्टर आणि अर्धा तास लागतो. बऱ्याच गाड्यांत मीटरवरचा इंजिनाचा पिवळा दिवा ठरावीक वेळा लुकलुकून बिघाडाचा नंबर सांगतो. तुमच्या जॉब कार्डवर तो नंबर लिहिला आहे का ते पाहा. लिहिला नसेल तर पंप गेल्याचा निष्कर्ष कशावरून काढला, हे शांतपणे विचारा.

पंप खरंच गेला असेल तर नवा बसवल्यावर दोन पथ्यं पाळा. टाकी पार रिकामी होईपर्यंत गाडी चालवू नका, कारण आजूबाजूचं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. आणि बाटलीतलं पेट्रोल शक्यतो टाळा. आपल्याकडे पेट्रोलपंप लांब असल्यानं वाटेवरच्या दुकानात बाटलीतून पेट्रोल मिळतं आणि अडचणीला ते घ्यावंच लागतं, हे खरं आहे. पण आता पेट्रोलात इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात उघड्या कॅनमध्ये ठेवलेल्या पेट्रोलात पाणी आणि कचरा दोन्ही असू शकतात. जुना कार्ब्युरेटर खोलून पुसता येई, पंप आणि इंजेक्टर इतकं सोसत नाहीत.

आता कागदाकडे. तुमची गाडी वॉरंटीत आहे, आणि इथेच एक मेख आहे. वॉरंटीचा पार्ट असेल तर डीलरला तो कंपनीकडून भरून मिळवायचा असतो : क्लेम टाकायचा, खराब भाग जपून ठेवायचा, काही वेळा कंपनीच्या माणसाची मंजुरी घ्यायची. म्हणून ‘पार्ट मागवलाय’ याचा अर्थ कधी कधी ‘क्लेम टाकलाय’ असतो, आणि कधी कधी तोही टाकलेला नसतो. दुकानात जाल तेव्हा मोघम ‘कधी येणार?’ विचारू नका. पार्ट नंबर काय, ऑर्डर नंबर काय, कोणत्या तारखेला चढवली, वॉरंटी क्लेमचा नंबर काय, हे विचारा आणि जॉब कार्डवर लिहून घ्या. पार्ट नंबर काढताना आरसीवरचा १७ अंकी-अक्षरी चॅसी नंबर स्वतः वाचून दाखवा. मॉडेलच्या नावावरून मागवलेला पार्ट चुकतो, चॅसी नंबरावरून मागवलेला सहसा चुकत नाही.

जॉब कार्ड पाहिलं नसेल तर आजच पाहा. त्यावर गाडी आत घेतल्याची तारीख, किलोमीटर, तुमची तक्रार, अंदाजे खर्च आणि गाडी देण्याची तारीख यांच्या जागा असतात. शेवटची जागा पुष्कळ वेळा कोरी सोडलेली असते. तीच भरून घ्यायची. जॉब कार्डच दिलं नसेल तर गाडी कधी टाकली याला तुमच्याकडे पुरावा नाही, म्हणून आधी ते मागा. दिलं नाहीच, तर त्यांना एक मेसेज पाठवा : अमुक तारखेपासून गाडी तुमच्याकडे आहे, पंपाची वाट पाहत आहे. त्यांनी उत्तर दिलं तरी तो पुरावा, नाही दिलं तरी पुरावा.

आणखी एक शब्द त्यांच्यासमोर उच्चारा : व्हीओआर ऑर्डर. गाडी पार्टअभावी उभी आहे, अशा वेळी रोजच्या साठ्याच्या ऑर्डरीत न मिसळता तातडीनं मागवायची ही पद्धत वाहन धंद्यात सर्रास आहे. नेहमीच्या यादीत अडकलेला पार्ट त्यातून बाहेर निघू शकतो. सब-डीलर ‘आमच्या हातात नाही’ म्हणाला तर तेही खरं असेल. मग मुख्य डीलरच्या सर्व्हिस मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला, दोघांना एकाच मजकुराचा ईमेल टाका. चॅसी नंबर, जॉब कार्डचा फोटो, ऑर्डर नंबर जोडा आणि सात दिवसांची मुदत द्या. तक्रार नंबर मिळतोच. डीलरच्या कामाचा हिशेब कंपनी ठेवते, आणि उघडी तक्रार त्याला त्रासदायक असते. आता ती झळ त्याच्यापर्यंत पोचली.

तेवढ्यानं भागलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीशी बोलून तोडगा काढायचा प्रयत्न करते. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात आपल्या भागासाठी मोलाची तरतूद आहे : तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय दिल्लीत असो की पुण्यात. तक्रार ऑनलाइन दाखल होते, आणि सुनावणी व्हिडिओवर व्हावी असा अर्जही करता येतो. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, म्हणजे तुमच्या गाडीला काहीच नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची. डीलर आणि कंपनी, दोघांनाही पक्षकार करा. सुटे भाग न पुरवणं ही सेवेतली त्रुटी, असं ग्राहक आयोगांनी वेळोवेळी मानलं आहे. टेम्पोची पावती, जीपच्या भाड्याची नोंद आजपासून ठेवा, नुकसानभरपाई मागताना ती लागते.

हे सगळं एकट्यानं करण्यापेक्षा चौघांनी मिळून करावं असं एक काम आहे. तुमच्या केंद्रातले शिक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविकांच्या घरच्या गाड्या, ग्रामसेवक, वनरक्षक यांची यादी केली तर चार-पाच मॉडेलांपलीकडे ती जाणार नाही. मुख्य डीलरला लेखी विनंती करा : पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर मोखाड्यात किंवा खोडाळ्यात सर्व्हिस कॅम्प ठेवा. विनंतीसोबत या मॉडेलांची, चॅसी नंबरांसह यादी द्या. ग्रामीण भागात कंपन्या असे कॅम्प घेतात. तीस-चाळीस गाड्या एका दिवशी मिळणार असतील तर डीलरला पार्ट आणि स्कॅनर दोन्ही घेऊन घाट चढणं परवडतं. साठा करायला तो घाबरतो कारण मागणी त्याला दिसत नाही. ती यादी त्याला मागणी दाखवते.

प्रश्न : फ्री सर्व्हिसची तारीख मागितली तर दोन वेळा ‘बे फुल आहे, पुढच्या आठवड्यात या’ म्हणाले. तेवढ्यात दिवस उलटून गेले. आता म्हणतात वॉरंटी गेली. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, जव्हार

उत्तर : मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि दिवस दोन्ही दिलेले असतात, जे आधी भरेल ते धरतात. आपल्याकडे दिवस आधी भरतात, कारण पावसाळ्यात गाडी कमी चालते. दोन वेळा त्यांनीच परत पाठवलं असेल तर चूक तुमची नाही, पण ते सिद्ध करता आलं पाहिजे. म्हणून यापुढे तारीख फोनवर न मागता कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा मेसेजवर मागा. आत्ता एवढं करा : वॉरंटी नाकारल्याचं कारण लेखी मागा, आणि बिघडलेल्या भागाचा चुकलेल्या सर्व्हिसशी काय संबंध, हे त्यातच विचारा. ऑइल वेळेवर न बदलल्यानं इंजिन खराब झालं, हे एक वेळ समजू शकतं. त्याच कारणानं मीटर किंवा हॉर्न बंद पडला, असं कुणी लिहून देणार नाही. फ्री सर्व्हिसची मजुरी कंपनी डीलरला ठरावीक दरानं देते, आणि पैसे देणारं गिऱ्हाईक आलं की फ्रीवाला मागे ढकलला जाण्याचा धोका असतो. दसरा-दिवाळीच्या गर्दीत तर हमखास. शक्य असेल तर त्या आठवड्यांच्या आधीच तारीख घ्या.

प्रश्न : आमच्या गावच्या मिस्त्रीकडे काम केलं तर वॉरंटी जाते म्हणतात. आणि कंपनीचा पार्ट नसेल तर दुसरा कुठला घ्यावा?
— एक वाचक, मोखाडा

उत्तर : या वादाचा मोठा निकाल मोटारगाड्यांबाबत लागलेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग फक्त आपल्या डीलरकडेच ठेवून बाहेरच्या गॅरेजना ते न मिळू देणं, हा आक्षेप होता. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असं आयोगानं म्हटलं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, आणि दुचाकी कंपन्या त्यात पक्षकार नव्हत्या. त्यामुळे हा निकाल दाखवून दुचाकीचा डीलर लगेच ऐकेल असं समजू नका, पण मुद्दा म्हणून तो जरूर मांडा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात वाहनांचा समावेश आहे. त्या वर्षी २४ डिसेंबरला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही सुरू झालं. मात्र तेवढ्यानं कायदा होत नाही. माझं स्पष्ट मत असं की पाड्यापाड्यांवर गाड्या चालणाऱ्या आपल्या भागात गावच्या मिस्त्रीला पार्ट आणि माहिती दोन्ही मिळालीच पाहिजे.

तोवर व्यवहार असा ठेवा. वॉरंटीत असताना इंजिन, वायरिंग, इंजेक्शन यांना मिस्त्रीचा हात लावू देऊ नका. पंक्चर, ब्रेक शू, केबल, चेन यांना हरकत नसावी, बिल मात्र ठेवा. वॉरंटी संपल्यावर कंपनीच्या खोक्यातलाच पार्ट हवा असा हट्ट नको. कंपन्या बरेच भाग स्वतः बनवतच नाहीत. छत्रपती संभाजीनगरच्या एंड्युरन्स आणि व्हेरॉकसारखे कारखाने गाडी कंपन्यांना भाग पुरवतात, आणि स्वतःच्या नावानंही बाजारात विकतात. त्यांच्या नावाचा, पक्क्या बिलाचा पार्ट चांगला. खोक्यावर पार्ट नंबर, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-साल आणि एमआरपी छापलेली असते. त्यातलं काही खोडलेलं किंवा वर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असेल तर घेऊ नका. ब्रेक शू आणि चेन यांच्या बाबतीत तर पन्नास रुपये वाचवायला जाऊच नका, तोरंगणचा घाट उतरायचा असतो. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी १८ टक्के झाला आहे, जुन्या छापील किमतीचा माल असेल तर बिलात १८ टक्केच लावलेत ना, ते बघून घ्या.